पाणी बघून दिलेली लेक

शुक्रवार, १० जानेवारी

चि. क्रांतीला आईचा आशीर्वाद. ठेवायचा तर ठेव, न्हाईतर चुलीत घाल, पण आधी वाच.

तुझा पत्ता मला सिद्धनाथाच्या रथाला मिळाला. तुझ्या मेसमधी भाकरी थापणारी बाई म्हसवडला आली हुती. देवळाच्या पायरीवर माझ्या शेजारी टेकली. बोलता बोलता म्हणली, आमच्यात एक क्रांती हाय, पोळ्या करती, हनुवटी आक्षी तुमच्यासारखी. मी तिचा हातच धरला. तिनं साताऱ्याचा पत्ता सांगितला, फोन नंबर बी दिला. फोन लावला ग मी. तू "कोण?" म्हणलीस, मी "आई" म्हणले, आन् फोन बंद. मशीनच बिघडलं आसंल म्हणून आणखी तीनदा लावला. मग म्हणलं पत्र लिवावं. पत्र मधीच बंद हुत न्हाई.

माझी शाळा तिसरी, ती बी निम्मी, तुला ठाऊकच हाय. काना-मात्रा जिथं सांडली आसंल तिथं तुझी तू लाव.

आता मजा सांगते. काल मी साताऱ्याला येऊन गेले. तुझ्या गावात! राजनंदिनीला स्थळ आलंय. राजनंदिनी म्हंजे आप्पासोची थोरली, तुझी भाची. तू तिला बघितलेलीच न्हाईस. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्साला हाय. नाकीडोळी नीट, रंगानं आपल्यावर गेलीय, पण उंची तिच्या आईची, त्ये बरं झालं.

तर आमी घर बघायला गेलतो. मला न्हेल्याबिगर जातील व्हय? आजून बी वाडीतल्या कुणाची बी पोरगी द्यायची आसली की म्हणत्यात, चंद्राबाईला घ्या बरोबर, तिची नजर चुकायची न्हाई. आपल्या माणदेशात स्थळ आलं की पयलं इचारायचं, पाणी कुठलं? मग पोरगा काय करतो.

क्रांती, काय घर हाय ग! गावाच्या भायेर नवी वस्ती उठलीय, शिवनेत्र कॉलनी म्हणत्यात. दोन मजली बंगला. गच्चीवर दोन काळ्या टाक्या, अंगणाखाली हौद, मागं बोअर. नळ मी मोजले. अकरा! एक तर नुसता पाय धुवायला. आपल्या उभ्या वाडीला तीन नळ, त्ये बी आपल्या मर्जीनं येणारे. मी एकेक नळ सोडून बघितला. पोराचा बाप नाथाजी, मिलिटरीतनं सुभेदार हून आलेला. मिशीतल्या मिशीत हसला आन् म्हणला, "आजी, आमची टाकी रिकामी करून जाताय वाटतं!"

मी म्हणले, "आवं सुभेदार, पोरगी द्यायची तर टाकीचा तळ दिसला पायजे."

समदी हसली. आप्पासो तेवढा लाजला.

आन् भायेरचं तर काय सांगू. दाराम्होरं डांबरी रस्ता. पाच मिनिटावर दवाखाना, त्येच्या खालीच औषधाचं दुकान. पिठाची गिरण, बँक, पोरांची शाळा. मंगळवारी भाजीबाजार भरतो. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं लावून दारात येती, कचरा मागून न्हेती, आता बोल! एक बाग हाय, तिथं म्हातारी माणसं बूट घालून गोल गोल चालत्यात. कुठं जायाचं नसतंय, तरी चालत्यात. मी बी एक फेरा मारला. गुडघ्यानं शिवी दिली, पण मारला.

पोरगा दिग्विजय, साताऱ्याच्याच एमआयडीसीत इंजिनेर. पोरगं दिसायला बरं हाय. त्येच्या आईचं नाव संयोगिताबाई, बोलायला गोड. थोरली सून पूजा, तिनं चा आणला. लय गुणाची. आमी दोन तास बसलो, पण तिच्या तोंडातनं एक शब्द आला न्हाई. अशी शिस्त पायजे घराला.

आता कामाचं. तू राहतीस तिथनं ती कॉलनी म्हंजे दोन रिक्षाथांबे, तुझ्या मेसमधल्या त्या भाकरीवाल्या बाईला फोनवर इचारलं मी. जरा जाऊन ये. माणसं कशी हायती, शेजारपाजार काय म्हणतोय, कानोसा घे. बाकी मी समदं बघितलंय, फकस्त तुझी एक नजर पडू दे. आत्या हायेस तू तिची.

तुझी आई

*

रविवार, २ फेब्रुवारी

पत्राला पत्र न्हाई. पोस्टमनला तीन डाव आडवलं. म्हणला, "आज्जे, आलं तर मी काय खातोय व्हय तुझं पत्र?" म्हणून म्हणलं, पयलं वाटंतच पडलं आसंल, दुसरं लिवावं.

त्ये लोक पोरगी बघून गेले. पसंत! सूनबाईनं पोहे केलते, शेंगदाणं जरा करपलं, पण कुणी काय बोललं न्हाई. राजनंदिनीनं माझं हिरवं इरकल नेसलं. आता तिच्या वयाच्या पोरी कुठं नेसत्यात, पण मी म्हणलं म्हणून नेसली. दिग्विजय आन् तिला धा मिनिटं गच्चीवर बोलायला सोडलं. तशी पद्धतच पडलीया आता. तुझ्या वेळंला कुठं हुतं आसलं? खाली आली तवा तोंड एवढंसं. मी म्हणलं, लाजलीया.

नाथाजी सुभेदारानं जाताना मला वाकून नमस्कार केला. म्हणला, "आजी, तुमी तेवढ्या आमच्याकडं म्हैन्यातनं आठ दिस राहायला या, टाकी भरून ठिवतो." मला लय आवडला तो माणूस.

घरात समदी खूश हायती. सूनबाई तर कपाट कुठलं द्यायचं त्येच्यावरच बसलीया. मी मातूर सारखी म्हणती, पोरीनं न्हाणीत उभं राहायचं आन् वरनं पाऊस पडायचा, तसला नळ हाय तिथं. मी चालू केला तर माझा पदर भिजला. किती हसले त्ये!

क्रांती, तुला राग हाय, ठाऊक हाय मला. पण तुझ्या वेळंला बी मी घर बघूनच दिलं हुतं. सांगलीकडचं किस्नाकाठचं गाव, दारात हीर, हिरीवर मोटार. पाटानं पाणी खळाळतंय, उसाला तर जातंयच, पण परसातल्या केळीला बी जातंय. मी त्या पाटात पाय सोडून बसले हुते. तुझे वडील नानासो म्हणले, पोराचं वय जास्ती वाटतंय. मी म्हणले, आवं, पाणी बघा की! माझी लेक डोईवर हंडा घेऊन दोन कोस चालणार न्हाई. मी चालले, माझी आई चालली. तुझं केस उगवायच्या आधी तुझ्या डोईला चुंबळ बसली हुती. मी पाणी बघून दिली तुला. आईनं आणखी काय बघायचं आसतं?

पोरगं तसं निघंल हे कुणाच्या कपाळावर लिवलेलं आसतंय व्हय?

आन् तू तरी कवा काय सांगितलंस? त्या दुष्काळात, दोन हजार तीन साली, एक डाव आलीस. एक दिस राहिलीस, एक रात राहिलीस, दुसऱ्या दिशी तुझी तू गेलीस. तोंडातनं शब्द काढला न्हाईस. आईला सांगितल्याबिगर आईला कळावं कसं? मी समद्यास्नी हेच सांगत आले, आन् त्ये खरं हाय. पुढं दोन वर्सांनी कुणीतरी म्हणलं, क्रांती सासर सोडून साताऱ्याला गेली, कुठल्याशा हॉस्टेलात कामाला लागली. तवा बी मी हेच म्हणले.

जाऊं दे. जुनं उकरून काय उपेग. सुपारी मार्चात हाय, नऊ तारीख, रविवार. सुभेदाराच्याच घरी. त्येंच्याकडं जागा हाय, पावणं बसायला हॉल हाय. तू यायचं. मी आप्पासोला सांगितलंय. तो "बघू" म्हणला. "न्हाई" म्हणला न्हाई, ध्यानात घे.

तुझी आई

*

रविवार, २३ फेब्रुवारी

तुझं पत्र आलं!

परवा पोस्टमननं लांबनंच वरडून सांगितलं. मी ज्वारी पाखडत हुते, सूप टाकून पळाले. निम्मी ज्वारी कोंबड्यांनी खाल्ली, खाऊ दे. सूनबाई बोलली, बोलू दे.

काय अक्षर हाय ग तुझं! वळणदार. मी त्ये आधी नुसतंच बघितलं. वरती "आईस नमस्कार" न्हाई, खाली "तुझी" न्हाई. चार ओळी. पण त्या तुझ्या हातच्या हायती. मी वाचल्या, मग राजनंदिनीकडनं वाचून घेणार हुते, पण न्हाई घेतल्या. माझ्या मीच वाचल्या, बोट ठिवून. तू लिवलंस ते हितं परत लिवते, मंजी मला कळलं का न्हाई ते तुला कळंल.

"घर बघितलं. नळ, बाग, दवाखाना, तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. थोरली सून पूजा सकाळी कचऱ्याच्या गाडीला बादली घेऊन येते, तेवढीच बाहेर येते. तीन दिवस मी गाडीच्या वेळेला जाऊन उभी राहिले. तिसऱ्या दिवशी बोलली. चार वर्षांत ती माहेरी गेलेली नाही. बाप वारला तेव्हाही नाही. राजनंदिनीला विचारलंस का?"

मला आधी रागच आला. खरं सांगते. म्हणलं, बावीस वर्सांनी पत्र लिवलं आन् त्यात आईची चौकशी न्हाई, गुडघ्याची न्हाई, बाप कसा गेला त्येची न्हाई. परक्या सुनंचं लिवलं! माहेरी गेली न्हाई मंजी सासरी सुख आसंल. आसं मी म्हणले. सूप परत घेतलं आन् पाखडायला बसले.

पण बाप मेल्यावर बी न्हाई? हे माझ्या घशाखाली उतरंना.

तिसऱ्या पारी राजनंदिनी कॉलेजातनं आली. तिला म्हणले, "बस हितं. त्या दिशी गच्चीवर काय बोलला ग तो?"

"काय न्हाई."

"धा मिनिटं काय न्हाई बोललात?"

ती माझ्या सुपातले खडे वेचायला लागली. मग म्हणली, "आजी, त्यानं माझा फोन मागितला. दिला. त्यानं सगळं उघडून बघितलं, कुणाचे मेसेज आलेत, कुणाचे फोटो हायेत. मग हसला आन् म्हणला, हे आता काय लागणार न्हाई. आमच्यात वहिनीला बी न्हाई. घरात बायकांचा एकच फोन आसतो, आईच्या कपाटात."

"आन् परीक्षा?"

"म्हणला, दिली काय आन् न्हाई दिली काय."

"मग तू काय म्हणलीस?"

"मी काय म्हणणार? तू तर टाकी बघून आलीस की."

टोमणा मारायचा म्हणून न्हाई बोलली ती. खडे वेचता वेचता सहज बोलली. म्हणूनच लागलं मला. मी म्हणले, "मग भायेर का न्हाई बोललीस? बापाला, आईला?" ती म्हणली, "आजी, तुझ्या त्या नळाचं पावसाचं आयकून सगळी हसत हुती. मधी कसं बोलू?"

आप्पासोला सांगितलं. तो म्हणला, "आई, सुपारीची तारीख पडलीया, चाळीस माणसास्नी सांगून झालंय. आन् फोनचं काय घिऊन बसलीस? आमच्या वेळंला फोन हुता व्हय? तूच सगळ्या गावाला सांगत सुटलीस की, अकरा नळ, अकरा नळ."

आता मी काय करू, तूच सांग. तू तिथं हायेस, जरा त्या पूजाला आणखी इचार. घर तेवढं वाईट नसंल ग. बाग किती चांगली हाय.

तुझी आई

*

मंगळवार, ११ मार्च

क्रांती, सुपारी मोडली. मी मोडली.

तू आली न्हाईस. मी दाराकडं बघत हुते. पण आली नव्हतीस त्येच बरं झालं. नीट सांगते, कुणी दुसऱ्यानं सांगितलं तर त्यात मीठमिरची आसंल.

हॉलमधी गाद्या घातल्या हुत्या. मधी पाट, पाटावर तांदूळ, त्यावर सुपारी. दोनी कडची माणसं मिळून साठ-सत्तर. बामण आला हुता. राजनंदिनी आत बसलेली, पिवळ्या साडीत. मी बायकांच्यात पुढंच हुते. पूजा पाण्याचं ताट घिऊन फिरत हुती. माझ्याजवळ आली तवा मी गिलास घेतला न्हाई, तिचा हात धरला. म्हणले, "बस ग बाळा जरा माझ्याजवळ. मघाधरनं उभी हायेस."

ती सासूकडं बघायला लागली.

मी मोठ्यानं इचारलं, समदी आयकत हुती, "माहेर कुठलं ग तुझं?"

संयोगिताबाई म्हणल्या, "दहिवडीकडलं हाय तिचं."

मी म्हणले, "आवं ताई, मी हिला इचारती. व्हय ग, घरी कोण कोण हायती?"

"आई हाय, भाऊ हाय," पुन्हा सासूच.

"आन् वडील?"

तवा नाथाजी सुभेदार पलीकडनं म्हणला, "वारले वर्साखाली. आजी, मुहूर्त टळंल, सुपारी फुटू द्या की आधी."

मी म्हणले, "सुभेदार, मुहूर्त पळून जात न्हाई. मला एवढंच इचारू द्या हिला. पूजा, वडील वारले तवा तू गेलतीस का ग?"

तिनं तोंड उघडलं. खरंच उघडलं, मी तिच्या एवढी जवळ हुते, तिच्या व्हटाची सालं मला दिसत हुती. तेवढ्यात दिग्विजय म्हणला, "वहिनी, आत चा उतू गेला बघा." आन् ती उठली, गेली. चा कुठला? गॅसच लावला नव्हता. मी मघाच आत जाऊन आलते.

 बामण तांदूळ चिवडत बसला.

मी उठले. गुडघा धरून, दोन बायकांनी हात दिला. म्हणले, "सुभेदार, घर तुमचं लय चांगलं हाय. मी समद्यास्नी सांगितलंय, आन् त्यात खोटं काय न्हाई. पण चार डाव इचारलं, चारी डाव दुसरंच कोणतरी बोललं. ज्या घरात सुनंला आपल्या बापाचं सांगता येत न्हाई, तिथं आमची पोरगी द्यायची न्हाई."

मग जे झालं ते झालं. संयोगिताबाई रडल्या, आमची आब्रू काढली म्हणल्या. सुभेदार म्हणला, "म्हातारी सटकली." मघा "आजी आजी" करत हुता! आप्पासो लाल झाला. माझ्या दंडाला धरून मला भायेर आणलं, भावकीतलं कोण कोण काय काय बोललं, मी कान दिला न्हाई. फकस्त राजनंदिनी मागनं चपला न घालता पळत आली आन् गाडीत माझ्याजवळ बसली. पुसेगाव येईस्तवर तिनं माझा हात सोडला न्हाई.  आप्पासो आजून माझ्याशी बोलंना. सूनबाई जेवणाचं ताट म्होरं सरकिवती आन् जाती.

येताना मी म्हणलं हुतं, हॉस्टेलावरनं गाडी घ्या, क्रांतीला नुसतं सांगून येते. आप्पासोनं गाडी थांबिवली न्हाई. लांबनं गेट दिसलं. भायेर एक मांजर बसलं हुतं, बाकी कोण नव्हतं. तू आत पोळ्या लाटत आसशील.

पूजाचं पुढं काय झालं आसंल? मला घोर लागलाय. मी बोलून मोकळी झाले आन् घरी आले, ती तिथंच हाय. तू जातीस का आजून कचऱ्याच्या गाडीला? जात जा. तिच्या आईचा पत्ता मिळाला तर बघ. दहिवडी आपल्या वाटंवरच हाय, मी जाते.

राजनंदिनी परीक्षा देती. फिजिक्स कायतरी हाय म्हणती. आत्याला सांग म्हणली.

तुझी आई

*

मंगळवार, १ एप्रिल

पाडव्याच्या दिशी तुझं पत्र आलं. सुट्टी आसून पोस्टमननं घरी आणून दिलं, शनवारीच आलं हुतं म्हणला.

पूजाच्या आईला तू फोन केलास, भाऊ येऊन तिला घिऊन गेला, हे वाचून मी अंगणात बसूनच राहिले. आठ दिसासाठी न्हेली का कायमची, कोण सांगावं. पण न्हेली. तू हे केलंस. मी नुसतं बोलले, केलं तू.

खाली तू एकच ओळ लिवलीस. "राजनंदिनीसाठी बोललीस, चांगलं झालं. माझ्यासाठी का नाही बोललीस?"

दोन दिस झालं, ही ओळ घिऊन बसलीया. पयलं मी लिवलं, तू सांगितलंच न्हाईस. मग ते फाडलं. मग लिवलं, दुष्काळ हुता. ते बी फाडलं. राजनंदिनीच्या वहीची पानं संपत आली. म्हणली, आजी, काय लिवतीस एवढं?

आता लिवते ते फाडायचं न्हाई.

तू आलीस तवा म्हैना चैताचाच हुता. टँकर आठ दिसातनं एकदा यायचा, माणशी दोन घागरी. सूनबाईला नववा लागला हुता, राजनंदिनी पोटात. तिच्या बाळतपणाचं पाणी मी रांजणात साठवत हुते, कुणाला हात लावू देत नव्हते. तू विट्याच्या एसटीनं आलीस, हातात पिशवी न्हाई, काय न्हाई. आंगाला धुरळा. मी म्हणले, आंघोळ कर. त्या रांजणातलंच एक घागर पाणी काढलं तुझ्यासाठी, मला वाटलं, केवढं केलं मी लेकीसाठी.

न्हाणीच्या दगडावर तू पाठमोरी बसलीस. पाठ चोळायला मी आले.

मी बघितलं, क्रांती. पट्ट्याचं वळ हुतं. काय जुनं, काळं पडलेलं, काय ताजं. एका जागी कातडं उघडं हुतं. पाणी लागल्यावर तू आंग चोरलंस, पण "आई" म्हणली न्हाईस. मी बी काय म्हणले न्हाई. मी जिथं वळ न्हाई तिथं तिथं चोळत राहिले.

सांगायची गरजच नव्हती तुला. तू पाठ केलीस माझ्याकडं, ते सांगणंच हुतं. आन् मी बावीस वर्सं समद्यास्नी सांगत आले, पोरगी काय बोललीच न्हाई. तुझ्या बापाला बी हेच सांगितलं. तो तसाच गेला, खरं ठाऊक न हुता.

रातच्याला तू इचारलंस, "आई, हितं राहू का मी?" ध्यानात हाय तुझ्या? माझ्या हाय. मी म्हणले, "हितं पाणी न्हाई ग बाई. तिथं हाय." दुसरं काय बी म्हणले न्हाई. माझ्या मनात एवढंच चाललं हुतं, आणखी एक माणूस, मंजी आणखी दोन घागरी लागतील, रांजण पुरणार न्हाई, बाळतीण घरात. तुझ्या पाठीचं मी मनात येऊ दिलं न्हाई. तिथं पाणी हाय, तिथं पाणी हाय, हेच मी रातभर स्वोताला सांगत हुते.

काल मी आप्पासोला हे सांगितलं. सूनबाईच्या म्होरं, राजनंदिनीच्या म्होरं. समदं सांगितलं. आप्पासो पयल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणला, "म्हंजे तुला ठाऊक हुतं?" मी म्हणले, व्हय. तो उठून मळ्याकडं गेला. राजनंदिनी माझ्याजवळनं उठली, ती बी आत गेली. तिचं बरोबर हाय. तिच्यासाठी साठविलेल्या पाण्यापायी तुला घालिवलं, हे पोरीला सोसायचं कसं?

माफी मागायला मला तोंड न्हाई, म्हणून मागत न्हाई. तू ये बी म्हणत न्हाई. तू इचारलंस म्हणून सांगितलं. आन् एक राहिलं हाय, ते सांगून ठिवते.

सकाळी तुला एसटीत बसवायला फाट्यावर आले हुते. तू खिडकीजवळ बसलीस. डायवर खाली चा पीत हुता. तेवढ्यात वाडीकडनं टँकरचा भोंगा वाजला. त्या दिशी त्येचा वार नव्हता, मधीच आला हुता. मी घागरी घिऊनच आले हुते बरोबर, फाट्यावरच्या हातपंपाला थेंब दोन थेंब मिळतंय का बघायला. एसटी हालायच्या आधीच मी पळत सुटले. तू मला हाक मारलीस का, खिडकीतनं बघत हुतीस का, मला सांगता यायचं न्हाई. मी मागं वळून बघितलंच न्हाई.